आखडलेली बोटे आणि आठवड्याची गोळी

प्रश्न : माझे वय ४२. सकाळी तासभर बोटे इतकी आखडलेली असतात की कणीक मळवत नाही. आमवातासाठी मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच दिली आहे. रोज घेतल्यास लवकर गुण येईल का?
– एक वाचक, परळ, मुंबई

उत्तर : ताई, रोज मुळीच घेऊ नका. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. तिला आवरणारे हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, आणि चुकून रोज घेतल्याने अस्थिमज्जेचे (हाडांच्या आत रक्तपेशी तयार करणाऱ्या मऊ गाभ्याचे) काम मंदावून माणसे दगावली आहेत. ठरलेल्या वारावर कॅलेंडरमध्ये ठळक खूण करा. गुण दिसायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात, आणि हा काळ फार कठीण जातो हे मी जाणते. रक्ततपासण्या चुकवू नका. तोवर सकाळी हात कोमट पाण्यात शेका, आणि कणीक घरातल्या दुसऱ्या कुणाला मळू द्या.