ब्राउनीला काय कळतं

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

ब्राउनी या कुत्र्याच्या तोंडून आजोबांच्या जाण्याची गोष्ट सांगणाऱ्या तुझ्या कादंबरीची चारही प्रकरणं वाचून झाली. झेरॉक्सवर काही वाक्यं तू स्वतःच पिवळ्या हायलायटरने रंगवून पाठवलीस, ही लोकांच्या लक्षात राहतील म्हणून. सोबत शेल्बी व्हॅन पेल्टच्या ‘रिमार्केब्ली ब्राइट क्रीचर्स’ या इंग्रजी कादंबरीतली तुला आवडलेली वाक्यं उतरवलेली वहीही जोडलीस. दोन्ही शेजारी ठेवून वाचली. म्हणून पत्र जरा लांबणार आहे.

वहीतली वाक्यं सुटी वाचली तर बरी आहेत, चहाच्या मगवर छापण्याइतपत. पुस्तकात मात्र तीच वाक्यं आत जाऊन बसतात, कारण ती कोण बोलतंय आणि केव्हा बोलतंय हे आपल्याला ठाऊक असतं. मार्सेलस हा ऑक्टोपस वॉशिंग्टन राज्यातल्या एका काल्पनिक गावच्या मत्स्यालयात कोंडलेला आहे. पहिल्याच पानावर तो सांगतो की आज कैदेचा 1,299वा दिवस. त्याच्या जातीचं आयुष्य धरलंय चार वर्षं, म्हणजे 1,460 दिवस. ही वजाबाकी एकदा झाली की पुढे तो माणसांची कितीही टिंगल करो, ती डोक्यातून जात नाही. रात्री तिथली फरशी पुसायला येते ती टोव्हा. वय सत्तर, नवरा गेलेला, एकुलता मुलगा तीस वर्षांपूर्वी एका रात्री नाहीसा झालेला. तिच्या दुःखावर मार्सेलस प्रवचन झोडत नाही, कारण त्याला स्वतःचीच पडलेली आहे. टाकीतून बाहेर कसं निसटायचं, पाण्याबाहेर किती वेळ तग धरेल, सापडलेल्या वस्तू कुठे लपवायच्या. हे उद्योग करता करता टोव्हाला माहीत नसलेलं काहीतरी त्याच्या हाती लागतं. काय ते लिहीत नाही. तू वाचलंयस, पण हे पत्र तुझी आईही वाचणार.

तुझ्या ब्राउनीला स्वतःचा असा उद्योगच नाही. चार प्रकरणं तो आजोबांच्या रिकाम्या खुर्चीपाशी बसून दुःखाचा अर्थ सांगतोय. ‘जाणारा जातो, उरतो तो त्याचा स्पर्श,’ असं ऐरोलीतल्या सेक्टरमधला कुत्रा बोलायला लागला की मला ब्राउनी दिसत नाही, टेबलाशी बसलेली तू दिसतेस. पैठणला रेड्याच्या तोंडून वेद वदवले ते ज्ञानोबांनी. त्या रेड्याची समाधी जुन्नरकडे आळ्याला आहे, लोक तिथे डोकं टेकवतात. ती कथा चमत्कार म्हणून सांगितली जाते आणि शोभते. पण कादंबरीत रेड्याने वेद म्हटले तर वाचक पुस्तक मिटतो. कादंबरीत रेड्याने रेड्याचंच बोलावं.

आता दुसऱ्या प्रकरणातली ती खाडी. ओहोटीच्या वेळी फ्लेमिंगोंचा गुलाबी थवा उठतो आणि ब्राउनीला वाटतं की आजोबा त्या गुलाबी रंगात मिसळून गेले. या वाक्यावर तू दोनदा हायलायटर फिरवलास. कुत्र्याला गुलाबी दिसत नाही गं! त्याच्या डोळ्याला निळा आणि पिवळा हे दोन रंग कळतात. लाल, गुलाबी सगळं मळकट होऊन जातं. त्याच प्रकरणात अँब्युलन्सचा लाल दिवा तू पानभर फिरवलायस, तोही गेला. जातं आहे त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, त्याबदल्यात केवढं मिळतंय बघ. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या साधारण 50–60 लाख पेशी असतात, कुत्र्याच्या नाकात 30 कोटींपर्यंत. ओहोटीला ऐरोलीच्या खाडीचा चिखल उघडा पडतो तेव्हा आपण नाकाला रुमाल लावून निघून येतो. ब्राउनीसाठी तिथे कालपासूनचा सगळा कारभार लिहून ठेवलेला असणार. खारफुटीतून कोण गेलं, कुठे मासळी सांडली, आणि आजोबा रोज ज्या कठड्याला टेकायचे तिथे परवा दुसरंच कोण टेकून गेलं.

हे तुला जमत नाही असं नाही. चौथ्या प्रकरणात तू ते केलंयस आणि हायलायटर न लावता पुढे निघून गेलीस. मंडळी स्मशानातून परत येतात, दारात कडुनिंबाचा पाला असतो, एकामागून एक सगळे अंघोळीला जातात. ब्राउनी प्रत्येकाला हुंगतो आणि गोंधळतो, कारण काका, बाबा, आतेभाऊ, सगळ्यांना एकाच साबणाचा वास. मग तू लिहितेस: ‘बाथरूम रिकामी झाली. आजोबांची पाळी राहिली होती. मी दाराशी बसून राहिलो.’

मी इथे वाचायची थांबले आणि चहा टाकला. ब्राउनीला मरण ठाऊक नाही, त्याला फक्त अंघोळीचा क्रम ठाऊक आहे. उरलेलं वाचकाला ठाऊक आहे. पण लगेच पुढच्या ओळीत ‘माझ्या डोळ्यांत पाणी आलं’ लिहून तू सगळ्यावर पाणी ओतलंस. ती ओळ काढ. कुत्र्याला शोक नसतो असं मी म्हणत नाहीये. सोबती गेल्यावर कुत्रे खायचे कमी होतात, शोधत फिरतात, हे पाळणाऱ्याला सांगावं लागत नाही. तेच लिही. खाल्लं नाही, एवढं लिही. का, ते लिहू नकोस.

तुझ्या आराखड्यात पुढे फ्लॅटवरून भांडण आहे, तिथे तर तुझ्या हाती हुकमाचं पान आहे. टॉलस्टॉयच्या ‘खोल्स्तोमेर’मध्ये (1886) म्हातारा घोडा आपली कहाणी सांगतो. लोक त्याला ‘माझा घोडा’ म्हणतात, पण त्याच्यावर बसतो वेगळाच, चारा घालतो तिसराच, हे त्याला काही केल्या उमगत नाही. तुझ्याकडे सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आहे, नॉमिनेशन आहे, हॉलमध्ये आवाज चढवणारे दोन काका आहेत. ब्राउनीला यातलं काय कळेल? हॉलमध्ये कुणाला घाम फुटलाय, एवढं नक्की. आणि आजी स्वयंपाकघरातून बाहेर आलेली नाही, हेही. त्या भांडणात एकही वकिली संवाद घालू नकोस. कागद टीपॉयवरून खाली पडला आणि कुणी तरी ओरडून त्याला हाकललं, एवढ्यावर प्रकरण उभं राहतं.

मराठीत काय वाचू, विचारलं होतंस. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘सत्तांतर’ वाच. 1983चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला आहे, पण मी ते वेगळ्या कारणासाठी सांगतेय. त्यात निवेदन वानराच्या तोंडी नाही, तरी वानरांच्या टोळीतली पिल्लं मरतात तेव्हा लेखक हुंदका देत नाही, फक्त बघत राहतो. ते बघणं शिकण्यासारखं आहे. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात विचार. 1893पासूनची संस्था आहे, तिथे जाण्यासाठी निमित्त लागू नये खरं तर. तुमच्या पिढीला ऐरोलीहून ठाणं लांब वाटतं, हे मला आजवर पटलेलं नाही.

एक प्रश्न तू विचारला नाहीस, तो मीच विचारते. आजोबा खरे होते हे मला माहीत आहे, तेराव्याला मी आले होते. गेलेल्या माणसावर लिहिताना सुंदर वाक्यं सुचतात, कारण सुंदर वाक्यामागे लपता येतं. तुझी पिवळी वाक्यं बहुतेक ठिकाणी त्याच कामाची आहेत. लपायचं असेल तर अजून वर्षभर लिहू नकोस, काही बिघडत नाही. लिहायचंच असेल तर हायलायटर आईकडे दे.

आता गोष्टीचं. पहाटे पाच वाजता ब्राउनीला खाली न्यायचे ते आजोबा. ते गेल्यापासून चारही प्रकरणांत तो एकदाही खाली गेलेला नाही! गुडघे दुखणारी आजी, मॉर्निंग शिफ्टवाला बाबा, उशिरा उठणारी नात, यांतलं कोण पट्टा हातात घेतं आणि किती दिवसांनी, हे तू ठरवलेलंच नाहीस. ब्राउनीचा उद्योग तोच आहे, त्याला खाली जायचंय. पाचवं प्रकरण त्यावर लिही आणि झालं की फोन कर. संध्याकाळी सातनंतर, त्याआधी मी तलावपाळीला असते आणि तिथल्या गर्दीत काही ऐकू येत नाही.

तुझी,
मावशी