सांगलीत गच्चीवर ५०० लिटरचं अ‍ॅक्वापोनिक्स (माशांच्या टाकीतल्या पाण्यावर झाडं वाढवणं) आहे. मिरचीची शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या, वर मावा. काय करू?
६ टक्के लोह असलेलं ईडीडीएचए चिलेट (लोह पाण्यात विरघळलेलं ठेवणारी पूड) १७ ग्रॅम बादलीभर पाण्यात विरघळवून टाकीत सोडा आणि मावा नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने पाडा. पानं पिवळी पण शिरा हिरव्या, ही खूण लोह कमी असल्याची. माशांच्या खाद्यातून झाडाला पुरेल इतकं लोह मिळत नाही. १७ ग्रॅमने लिटरमागे साधारण २ मिलिग्रॅम लोह होतं. बोअरच्या जड पाण्यात सामू (पीएच) ७ च्या वर असेल तर स्वस्तातलं ईडीटीए चिलेट टिकत नाही. ईडीडीएचएने पाणी तांबूस होईल, घाबरू नका. फवारा सकाळी, पानांच्या खालून, चार-पाच दिवस. निंबोळी तेल, साबण नकोच. टाकीत उतरलं तर माशांच्या कल्ल्यांवर येतं. मात्र खालची जुनी पानं सगळीच पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे, तिथे लोह घालून उपयोग नाही.