वाचक विचारतात: इंजिन पळतं, गाडी पळत नाही

प्रश्न: माझ्याकडे 2011 ची बोलेरो पिकअप आहे. डाळिंबाचे क्रेट भरून चढाला लागलो की इंजिन नुसतं रेस होतं, गाडी ओढत नाही. क्लच घरीच शेडमध्ये बदलायचा विचार आहे. गेअरबॉक्स उतरवताना काय सांभाळावं?
– एक वाचक, सांगोला

उत्तर: आधी क्लचच घसरतोय याची खात्री करा. चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक घट्ट ओढा, टॉप गेअर टाका आणि थोडी रेस देऊन पेडल सावकाश सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. ते फिरतच राहिलं तर क्लच प्लेट घसरतेय. ही चाचणी एकदाच करायची, नाहीतर उरलेली प्लेटही जळेल. मग पेडल हाताने दाबून पाहा. सुरुवातीला ते थोडं मोकळं हलायला हवं. अजिबात मोकळं नसेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) कायम दाबलेलं राहतं आणि चांगली प्लेटसुद्धा घसरते. असं असेल तर ॲडजस्टमेंटवर काम भागू शकतं.

खोलायचंच ठरलं, तर बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. सेल्फची जाड तार थेट बॅटरीवरून येते आणि पाना चेसिसला टेकला की ठिणगी उडते. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर घ्या. जॅक उचलण्यापुरता असतो आणि विटा वजनाखाली फुटतात. प्रोपेलर शाफ्ट (गेअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलकडे जाणारा दांडा) सोडण्याआधी जोडाच्या दोन्ही फ्लँजवर रंगाची एक आडवी रेघ मारा. शाफ्ट होता तसाच बसला नाही तर वेगात गाडी थरथरू लागते आणि मग लोक नव्या क्लचला दोष देतात.

घरच्या कामात खरी चूक पुढेच होते. बेल हाउसिंगचे (गेअरबॉक्स इंजिनला जोडणाऱ्या घंटेसारख्या खोळीचे) बोल्ट सुटले की गेअरबॉक्सचं सगळं वजन इनपुट शाफ्टवर, म्हणजे क्लच प्लेटच्या हबवर येतं. काढताना हब वाकला तरी चालेल, प्लेट जुनीच आहे. बसवताना वाकला तर नवी प्लेट पूर्ण सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना खर्र आवाज येतो. यावर साधा उपाय आहे: त्याच आट्याचे दोन लांब बोल्ट घ्या, डोकी कापा आणि कापलेल्या टोकाला स्क्रूड्रायव्हरसाठी खाच पाडा. समोरासमोरच्या दोन भोकांत ते बसवले की गेअरबॉक्स त्यांच्यावरून सरळ मागे-पुढे सरकतो. जॅक खाली हवाच. शेवटची अर्धी बोटभर फट राहिली म्हणून बोल्ट आवळून गेअरबॉक्स ओढून घेऊ नका. फट राहिली याचा अर्थ प्लेट मध्यावर नाही किंवा स्प्लाइन, म्हणजे शाफ्टवरच्या उभ्या खाचा, जुळलेली नाही. ओढलं तर हाउसिंगचा कान तुटतो.

उघडल्यावर तेल कुठलं सांडलंय ते बघा. काळं आणि पातळ असेल तर क्रँकचं मागचं ऑइल सील गेलं. चिकट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गेअरबॉक्सचं पुढचं सील. सील न बदलता नवी प्लेट टाकली तर ती पुन्हा तेलात भिजून घसरेल. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक चिरा असतील तर लेथवाल्याकडे न्या. डाग वरवरचे असतील तर फेसिंग होतं, चिरा खोल असतील तर फ्लायव्हील बदलावं. रिलीज बेअरिंग डिझेलने धुऊ नका, आतलं ग्रीस निघून जातं. पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं टोक ज्यात बसतं ते छोटं बेअरिंग) बोटाने फिरवून बघा आणि खरखरलं तर तेही बदला.

नवी प्लेट बसवताना हबची उंच बाजू बहुतेक गाड्यांत गेअरबॉक्सकडे येते. तरी प्लेटवरची खूण पाहूनच बसवा. प्लेट मध्यावर धरायला भंगारातला जुना इनपुट शाफ्ट सगळ्यात उत्तम. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, अर्धा-अर्धा फेरा करत आवळा. स्प्लाइनला ग्रीसचा नुसता पुसट हात द्या. जास्त लावलं तर ते उडून प्लेटवरच जाईल.

प्रश्न: जुन्या टाटा एसला सकाळी पाच-सहा वेळा सेल्फ मारावा लागतो. दिवसभर मात्र एका फटक्यात सुरू होते. नोझल काढून दाखवू का?
– एक वाचक, निफाड

उत्तर: नोझलला इतक्यात हात लावू नका. सेल्फ मारताना कुणाला तरी सायलेन्सरजवळ उभं करा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचतंय पण पेटत नाही, म्हणजे पहिला संशय हीटर प्लगवर (थंड इंजिन सुरू करताना आत गरम होणारे प्लग). धूरच नसेल तर डिझेल पोहोचत नाही, बहुधा रात्रीत लाइनमध्ये हवा शिरतेय.

प्लग तपासायला त्यांना जोडणारी पट्टी काढा. 12 व्होल्टच्या बल्बचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं प्लगच्या टोकाला लावा. बल्ब पेटला तर प्लगची आतली तार शाबूत आहे. सगळे प्लग चांगले निघाले तर रिले आणि फ्यूज बघा.

हवेचा शोध घेताना लोक गळती कोरडी-ओली बघत बसतात. टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, त्यामुळे तिथल्या चिरेतून डिझेल बाहेर न येता हवा आत जाते आणि बाहेरून सगळं कोरडंच दिसतं. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये फूटभर पारदर्शक डिझेल पाइप तात्पुरता जोडा आणि इंजिन चालू करा. बुडबुडे दिसले की मागे मागे जात राहा: क्लिपखाली तडकलेला रबरी पाइप, फिल्टरची दबलेली रिंग, दुसऱ्यांदा वापरलेले तांब्याचे वॉशर. दोष काढल्यावर फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करून प्रायमर (डिझेल पुढे ढकलणारा हातपंप) दाबत राहा, फेस थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू बंद करा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांवर मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. आणि नोझलच्या पाइपमधून उडणाऱ्या डिझेलसमोर बोट धरू नका, तो फवारा कातडीत शिरतो.

प्रश्न: गेअर ऑइल बदलल्यापासून थंडीत दुसरा आणि तिसरा गेअर अडकतो. गेअरबॉक्स खोलावा लागेल का?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर: बहुधा नाही. डबा सापडला तर ग्रेड वाचा. डिफरन्शियलचं 140 नंबरचं जाड तेल गेअरबॉक्समध्ये गेलं असेल तर थंड असताना सिंक्रो रिंगला (गेअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या पितळी रिंगला) शाफ्टचा वेग जुळवता येत नाही. मॅन्युअलमध्ये असेल तेच तेल घाला, बऱ्याच जुन्या पिकअपना 80W-90 जाडीचं, जीएल-4 वर्गाचं लागतं. जीएल-5 मधली काही रसायनं पितळी रिंग खातात, म्हणून 'नंबर मोठा म्हणजे तेल भारी' हा दुकानदारी सल्ला सोडा. वरचा भरण्याचा बोल्ट आधी सोडून बघा आणि मगच खालचा. वरचा जाम निघाला आणि तेल आधीच काढून टाकलं असेल तर गाडी जागेवरच अडकते. गाडी सपाट जागी उभी करून, तेल वरच्या भोकाच्या खालच्या कडेला टेकेपर्यंत भरा.