१०२५ साली राज्य कोणाचं होतं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या राजवटींबद्दल वाचकांनी पाठवलेले काही निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. यातले बरेचसे प्रश्न शाळेतला ऐतिहासिक नकाशा डोळ्यांसमोर ठेवून विचारलेले आहेत: चोळांचा रंग इथवर, चालुक्यांचा तिथवर, पलीकडे गझनी. त्या काळातली सत्ता अशी सपाट पसरलेली नव्हती, ती थराथरांची होती. म्हणून शक्य तिथे मी नकाशा बाजूला ठेवला आहे आणि ताम्रपट, नाणी, तह आणि लग्नं यांच्या आधारे उत्तरं दिली आहेत.

इ.स. १०२५च्या सुमारास महाराष्ट्रावर नेमकं कोणाचं राज्य होतं? पुस्तकात ‘कल्याणीचे चालुक्य’ एवढंच असतं. (नाशिकचे एक शिक्षक)

पुस्तकातलं उत्तर चूक नाही, अपुरं आहे. ९७३ साली तैलप दुसरा याने राष्ट्रकूटांची सत्ता संपवली. १०२५ साली गादीवर होता त्याचा नातू जयसिंह दुसरा. कल्याणी, म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, ही या घराण्याची राजधानी म्हणून खरी नावारूपाला आली ती जयसिंहाच्या मुलाच्या, पहिल्या सोमेश्वराच्या काळात.

आता एक थर खाली उतरू. तुमच्या नाशिक भागात सेऊणदेशाचे यादव होते आणि त्यांचं ठाणं सिन्नर. अकोले तालुक्यातल्या कळस बुद्रुक इथे सापडलेला तिसऱ्या भिल्लमाचा ताम्रपट शके ९४८ चा आहे. हा भिल्लम चालुक्यांचा सामंत होता आणि जयसिंहाचा जावईही. पुढे देवगिरीवर राज्य करणारं घराणं या वेळी एका मोठ्या दरबाराशी सोयरीक जोडून आपली जागा पक्की करत होतं.

उत्तर कोकणात ठाण्याचे शिलाहार. त्यांचा राजा छित्तराज याचा भांडुपला सापडलेला ताम्रपट त्याच शके ९४८ चा आहे. त्यात त्याच्या मुलखाचा उल्लेख ‘पुरी’ प्रमुख असलेली कोकणची १४०० गावं असा येतो. (ही पुरी म्हणजे घारापुरी की राजापुरी, यावर अभ्यासक अजून वाद घालतात.) हे शिलाहार मूळचे राष्ट्रकूटांचे सामंत. भिवंडीजवळच्या भादाणे इथे सापडलेल्या ९९७ च्या लेखात अपराजित शिलाहाराने राष्ट्रकूटांची सगळी वंशावळ देऊन त्यांच्या अस्ताबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. मालक बुडून वीसहून अधिक वर्षं झाली होती, नवा मालक दाराशी होता, तरी लेखात आठवण जुन्याची. दक्षिण कोकणातल्या शिलाहारांनी मात्र वेगळा हिशेब केला. रट्टराजाच्या खारेपाटण ताम्रपटात (शके ९३०, म्हणजे १००८) राष्ट्रकूटांनंतर तैलप आणि सत्याश्रय या चालुक्यांची नावं रीतसर येतात, आणि मग त्याचं स्वतःचं घराणं. गोव्यात कदंब होते, त्यांचं ठाणं चंद्रपूर म्हणजे आजचं चांदोर.

यात भर पडली माळव्याच्या भोजाची. धारच्या या परमार राजाने १०२० साली ‘कोकणविजया’च्या पर्वावर दानं दिली, त्याचे ताम्रपट बांसवाडा आणि बेटमा इथे सापडले. चारच वर्षांनी, १०२४ च्या मिरज ताम्रपटात जयसिंह सांगतो की त्याने चोळांना हुसकावलं, सप्तकोकणच्या अधिपतींचं धन घेतलं आणि त्याची छावणी कोल्हापूरजवळ पडली आहे. म्हणजे सहा वर्षांत कोकणावर भोजाने हक्क सांगितला, मग जयसिंहाने सांगितला, आणि भांडुपच्या ताम्रपटात दान देताना दिसतो तो छित्तराज. विद्यार्थ्यांना मी हेच सांगेन: त्या वर्षी कोकणातल्या शेतकऱ्याला विचारलं असतं तर त्याने ठाण्याच्या शिलाहाराचं नाव घेतलं असतं. कल्याणी किंवा धार त्याच्यापर्यंत पोहोचायची ती फौजेच्या रूपाने.

सोमनाथ लुटलं गेलं तेव्हा राजेंद्र चोळ, भोज, जयसिंह असे बलाढ्य राजे होते. कोणीच का धावून गेलं नाही? (पुण्याच्या एक वाचक)

हा प्रश्न वेदनेतून येतो आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. गझनीचा महमूद ऑक्टोबर १०२५ मध्ये निघाला, वाळवंट ओलांडून जानेवारी १०२६ मध्ये सोमनाथला पोहोचला. गुजरातचा चौलुक्य (म्हणजे सोळंकी; दख्खनच्या चालुक्यांहून वेगळं घराणं) राजा पहिला भीम आपली राजधानी अणहिलपाटण सोडून कच्छमधल्या कंथकोटला गेला. महमूदच्या वेगापुढे शेजाऱ्यांना निरोप पोहोचून फौज गोळा होणंच अवघड होतं.

पण वेळ असता तरी सगळे एकत्र आले असते का? मला तसं वाटत नाही. जयसिंह आणि भोज हे कोकण आणि गोदावरीच्या खोऱ्यासाठी एकमेकांशी लढत होते. जयसिंह आणि राजेंद्र कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्यामधल्या दुआबासाठी झुंजत होते. भोजाने तर जयसिंहाविरुद्ध त्रिपुरीच्या कलचुरी गांगेयदेवाशी आणि चोळांशी हातमिळवणी केली होती. यातल्या प्रत्येकाचा शत्रू ठरलेला होता आणि तो शेजारी होता. गझनीचा सुलतान दख्खनच्या कोणत्याही दरबाराच्या हिशेबात नव्हता.

प्रतिकार झालाच नाही असंही नाही. समकालीन फारसी इतिहासकार गर्दिझी लिहितो की परतीच्या वाटेवर ‘परमदेव’ नावाचा राजा आडवा येईल म्हणून महमूदने सरळ रस्ता सोडला आणि सिंधमधून गेला. हा परमदेव म्हणजे परमार भोज असावा असं काही अभ्यासक मानतात, काही भीमाचं नाव घेतात. सिंधूकाठच्या जाटांनी त्या परतणाऱ्या फौजेला इतका त्रास दिला की पुढच्या वर्षी महमूद खास त्यांच्यावर चालून आला.

आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. १०३८ च्या एका लेखात गोव्याच्या कदंब राजाने सोमनाथची यात्रा केल्याचा उल्लेख आहे. हल्ल्याला बारा वर्षं झाली होती आणि कोकणातून यात्रा सुरू होती. देवस्थान उद्ध्वस्त झालं आणि सारं संपलं, असं त्या काळच्या भाविकांनी मानलं नव्हतं.

महमूद स्वतः सार्वभौम होता की खलिफाच्या हाताखाली?

कागदावर हाताखाली, प्रत्यक्षात नाही. ९९९ साली बगदादच्या अब्बासी खलिफा अल-कादिरने त्याला ‘यमीन-उद्-दौला’ हा किताब दिला. तो देणारा खलिफा स्वतः मात्र इराणी बुवैही अमीरांच्या पहाऱ्यात होता, त्याच्यापाशी म्हणावी अशी फौज नव्हती. तरी किताबाला किंमत होती, कारण त्याने सत्तेला धर्ममान्यता मिळे. त्याच वेळी कैरोत फातिमी घराण्याचा शिया खलिफा आणि कोर्डोबात उमय्या घराण्याचा खलिफा, असे एकूण तीन खलिफा होते. कोर्डोबाची खिलाफत १०३१ साली मोडली आणि तिची तुकडे-तुकडे राज्यं झाली.

याच महमूदने लाहोरला १०२७-२८ मध्ये पाडलेल्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला अरबी आणि दुसऱ्या बाजूला संस्कृत मजकूर आहे. मूर्तिभंजक म्हणून गाजलेल्या माणसालाही पंजाबच्या बाजारात चालेल असंच नाणं काढावं लागलं. त्याचं साम्राज्य मात्र टिकलं नाही. १०४० साली दंदानकानच्या लढाईत सेल्जुक तुर्कांनी त्याचा मुलगा मसूद याचा पराभव केला आणि खुरासान गझनीच्या हातून गेलं.

राजेंद्र चोळाने खरंच आग्नेय आशिया ‘जिंकला’ होता का? (कोल्हापूरचे एक वाचक)

त्याने तिथे आरमार पाठवलं, बंदरं मारली आणि श्रीविजयचा राजा संग्रामविजयोत्तुंगवर्मन याला पकडलं. ही १०२५ ची मोहीम. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातल्या लेखात कडारम (मलेशियातलं केदाह), श्रीविजय, पण्णै, इलंगाशोक अशी ठिकाणांची यादी आहे. तिथे चोळांचे कायमचे अधिकारी नेमले गेले, जमीनमहसूल सुरू झाला, असा पुरावा नाही. म्हणून मी ‘जिंकला’पेक्षा ‘मोहीम काढली’ म्हणेन, आणि त्यामुळे राजेंद्राचं मोठेपण तिळभर कमी होत नाही. बंगालचा उपसागर ओलांडून एवढं आरमार नेणं हीच त्या काळातली विलक्षण गोष्ट आहे.

वीसेक वर्षांपूर्वीच श्रीविजयच्या राजाने नागपट्टिनमला बौद्ध विहार बांधला होता आणि राजेंद्राचे वडील राजराज यांनी त्याला एक गाव दिलं होतं. मग बिनसलं कशावरून? बहुतेक अभ्यासक चीनच्या व्यापाराकडे बोट दाखवतात. मलाक्काच्या सामुद्रधुनीवर श्रीविजयचा ताबा होता आणि चीनला जाणाऱ्या प्रत्येक गलबताला तिथूनच जावं लागे. चोळांचे दूत १०१५ मध्ये चीनच्या सोंग घराण्याच्या दरबारात पोहोचले होते, त्यामुळे तिकडच्या बाजाराची त्यांना चांगली कल्पना होती.

या साऱ्यात व्यापाऱ्यांना विसरू नये. सुमात्रातल्या बारूस इथे १०८८ सालचा तमिळ शिलालेख आहे, तो ‘ऐनूर्रुवर’ म्हणजे पाचशे जणांच्या व्यापारी श्रेणीचा. या श्रेणीचं मूळ कर्नाटकातल्या ऐहोळेचं. राजांच्या मोहिमा वर्षा-दोन वर्षांत आटपल्या, ऐहोळेच्या नावाने चालणारा व्यापार साठ वर्षांनीही सुमात्रात पाय रोवून होता.

त्या काळात स्त्रिया राज्य करत होत्या का? (सोलापूरची एक विद्यार्थिनी)

हो, आणि ठळकपणे. काश्मीरची दिद्दा घ्या. नवरा क्षेमगुप्त जिवंत असतानाच त्याच्या नाण्यांवर ‘दि क्षेम’ अशी अक्षरं आली, म्हणजे तिच्या नावाचं पहिलं अक्षर आधी. ९५८ साली तो वारल्यावर तिने आधी मुलाच्या आणि मग नातवांच्या नावाने कारभार पाहिला, आणि सुमारे ९८० पासून १००३ पर्यंत स्वतःच्या नावाने राज्य केलं. काश्मीरचा इतिहासकार कल्हण तिच्याबद्दल कठोर लिहितो, नातवांच्या मृत्यूचं खापरही तिच्यावर फोडतो. तोच सांगतो की वारस निवडताना तिने भाच्यांपुढे फळांची रास ओतली आणि जास्त फळं गोळा करायला सांगितली. संग्रामराजाने बाकीच्यांना आपसांत भांडायला लावलं आणि स्वतः शांतपणे फळं उचलली. गादी त्याला मिळाली. त्याच्याच काळात महमूदला लोहरकोट किल्ल्याच्या वेढ्यातून बर्फामुळे रिकाम्या हाती परतावं लागलं. कल्हण दिद्देनंतर सुमारे दीडशे वर्षांनी लिहीत होता, त्यामुळे त्याची प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी घेऊ नये. राज्य दुसऱ्या घराण्याकडे, लोहरांकडे, बिनरक्तपाताने गेलं, एवढं मात्र तिच्या खात्यावर जमा आहे.

तुमच्या सोलापूरच्या जवळचं उदाहरण अक्कादेवीचं. जयसिंह दुसऱ्याची ही बहीण अनेक वर्षं किसुकाडसारख्या प्रांतांचा कारभार पाहत होती. लेख तिला रणात भैरवी म्हणतात, आणि १०४७ मध्ये तिने गोकाकच्या किल्ल्याला वेढा घातल्याची नोंद आहे. शाळेच्या पुस्तकात तिचं नाव नसणं मला खरोखर खटकतं.

चीनमध्ये सम्राट झेनझोंगच्या मृत्यूनंतर सम्राज्ञी लिऊने १०२२ ते १०३३ कारभार चालवला. तिच्याच काळात सिचुआनमध्ये सरकारने कागदी चलन आपल्या हाती घेतलं. चीनच्या उत्तरेला राज्य करणाऱ्या खितानांकडे त्याआधी राजमाता चेंगतियान होती. १००५ च्या शानयुआन तहाच्या वेळी ती फौजेसोबत स्वतः आघाडीवर हजर होती. त्या तहाने सोंग दरबार खितानांना दरवर्षी एक लाख ‘लियांग’ (चिनी वजनाचं माप) चांदी आणि दोन लाख ठाण रेशीम देऊ लागला. याला चिनी दरबारातल्या अनेकांनी नामुष्की म्हटलं, पण युद्धाच्या मानाने तो खर्च कमी होता आणि दोन्ही राज्यांत शंभरेक वर्षं शांतता राहिली. कैरोत खलिफा अल-हाकिम १०२१ मध्ये एका रात्री बेपत्ता झाला, तेव्हा राज्य सावरलं त्याच्या बहिणीने, सित्त अल-मुल्कने.

बायझंटाईन सम्राट दुसरा बेसिल याने १५,००० बल्गेरियन कैद्यांचे डोळे काढले, हे खरं आहे का?

१०१४ ची क्लेइदियनची लढाई खरी, कैद्यांना आंधळं केल्याची घटनाही बहुतेक अभ्यासक मानतात. आकड्याबद्दल शंका आहे. तो स्कायलिट्झेस या इतिहासकाराचा, आणि त्याने त्याच शतकात पण बऱ्याच नंतर लिहिलं. एवढं सैन्य एका दिवसात निकामी झालं असतं तर बल्गेरिया आणखी चार वर्षं लढू शकला नसता.

मला बेसिलच्या पुढच्या वागण्यात जास्त रस आहे. १०१८ मध्ये बल्गेरिया ताब्यात आल्यावर त्याने तिथला कर पूर्वीसारखा धान्याच्या रूपातच घेतला आणि ओहरीडचं धर्मपीठ चालू ठेवलं. त्याच्या मृत्यूनंतर कॉन्स्टँटिनोपलच्या अधिकाऱ्यांनी कर रोखीत मागायला सुरुवात केली आणि १०४० मध्ये बंड पेटलं. क्रूर म्हणून प्रसिद्ध असलेल्या त्या सम्राटाला शेतकऱ्याकडे काय असतं हे ठाऊक होतं, त्याच्या वारसांच्या कारभाऱ्यांना ते नव्हतं.

इंग्लंडवर डेन्मार्कच्या राजाचं राज्य होतं म्हणतात.

होतं. कनूट १०१६ पासून इंग्लंडचा, पुढे डेन्मार्कचा आणि १०२८ पासून नॉर्वेचाही राजा. १०१८ मध्ये त्याने इंग्लंडकडून ७२,००० पौंड आणि एकट्या लंडनकडून आणखी १०,५०० पौंड वसूल केले, असं तिथली बखर सांगते. त्याने आधीच्या राजाची विधवा एमा हिच्याशी लग्न केलं, तेव्हा जुन्या घराण्याची राणीच नव्या घराण्याची राणी झाली. १०३५ मध्ये तो वारला आणि तिन्ही मुलूख काही वर्षांतच वेगळे झाले.

त्या वेळी अमेरिकेत काय चाललं होतं?

तिथले राजे नावानिशी सांगता येतील असे लेख या दशकांसाठी फार थोडे आहेत. एक तारीख मात्र पक्की आहे: कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर नॉर्स लोकांनी १०२१ साली धातूच्या हत्याराने झाडं तोडली, हे लाकडाच्या वर्षवलयांवरून २०२१ मध्ये सिद्ध झालं.

ताम्रपटातला शक आणि इसवी सन यांचा मेळ कसा घालायचा? आणि या काळाचं काही जवळपास पाहता येईल का? (डोंबिवलीचे एक वाचक)

शकात ७८ मिळवा. तिथी पौष ते फाल्गुनातली असेल तर इंग्रजी वर्ष बदलून गेलेलं असतं, म्हणून बहुधा ७९. काही लेखांत ‘गत’ शक (पूर्ण झालेलं वर्ष) असतो, काहींत ‘चालू’ (सुरू असलेलं वर्ष), त्यामुळे एका वर्षाचा फरक दिसला तर गोंधळू नका.

पाहायला दूर जायची गरज नाही. तुमच्या शेजारी अंबरनाथला शिवमंदिर आहे, त्याच्या उत्तर दाराच्या तुळईवर शके ९८२ चा लेख कोरलेला आहे, म्हणजे इ.स. १०६०. त्यात नाव आहे ते मुम्मुणी शिलाहाराचं, वर सांगितलेल्या छित्तराजाच्या धाकट्या भावाचं. लेख झिजलेला आहे. सकाळच्या तिरप्या उजेडात गेलात तर अक्षरं बरी दिसतील, आणि कृपा करून त्यावर हात किंवा पावडर फिरवू नका.