आधी मणी जमू दे

अगं, तू लावलेली ॲक्रिलिकची कृत्रिम नखं चार दिवसांत कडेनं सुटतायत, त्यात पावडरचा दोष नाही. मणी, म्हणजे लिक्विडमध्ये बुडवलेल्या ब्रशनं उचललेला पावडरचा थेंब, तू फार ओला घेतेस. ब्रशच्या टोकावरचा मणी गोल, चकचकीत हवा. नखावर ठेवला की हळूच पसरावा, पाण्यासारखा वाहू नये. पावडरमध्ये बेंझॉइल पेरॉक्साइड असतं. लिक्विड लागलं की त्याच्यामुळं रेणूंची साखळी जुळून मणी कडक व्हायला लागतो, त्यासाठी दिव्याची गरजच नाही. उष्णतेनं हे काम आणखी भरभर होतं. म्हणून आपल्या लातुरात मे महिन्यात ४० अंशांच्या वर पारा गेला, की मणी ब्रशवरच आळतो. कूलरसमोर बसू नको, धूळ चिकटते. सकाळच्या अपॉइंटमेंट घे, मणी लहान घे.

लिक्विड घेताना ‘ईएमए’ (इथाइल मेथाक्रिलेट) लिहिलेलंच घे. स्वस्तातल्या ‘एमएमए’चं (मिथाइल मेथाक्रिलेट) नख ॲसिटोनमध्ये, म्हणजे नखं काढायच्या द्रावणात, नीट विरघळत नाही, आणि कुठं अडकलं तर मूळ नखासकट उखडतं. मी सुरुवातीला फसले होते. एका ताईंचं नख अर्धं गेलं, अजून आठवतं.

आणि कातडीला ओला मणी लागू देऊच नको, क्युटिकलपासून, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीपासून, केसभर अंतर ठेव. एकदा ॲलर्जी झाली की ती जन्मभर राहते. खिडकी उघडी ठेव गं.