सांगलीहून ओहायोला येण्याआधी : रेस्पिरेटरी थेरपीच्या त्या दोन वर्षांबद्दल

अगं, तुझा प्रश्न परवा रात्रपाळीहून आल्यावर वाचला आणि झोपच उडाली. नवऱ्याची बदली अमेरिकेत ओहायोला, तुझं डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, सांगलीच्या लॅबमधली सहा वर्षं, मुलगी पाच वर्षांची. तिकडे कम्युनिटी कॉलेजात रेस्पिरेटरी थेरपीची, म्हणजे श्वासाच्या आजारांवरच्या उपचारांची, दोन वर्षांची असोसिएट डिग्री करावी का, असं तू विचारलंस. मी २०१४ मध्ये कोल्हापूरहून अशीच आले, मुलगा सहा वर्षांचा होता. वयाने मोठी आहे म्हणून एकेरीत बोलते.

फी, कॉलेजची मान्यता, अर्जाच्या तारखा तुला सगळीकडे मिळतील. मला कुणी न सांगितलेलं तेवढं सांगते.

दोन वर्षांचा कोर्स दोन वर्षांत होत नाही. ॲनाटॉमी-फिजिओलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायोलॉजी, गणित हे आधी वेगळं करायचं, मग प्रवेशाची वाट बघायची. मला साडेतीन वर्षं लागली. माझं डीएमएलटी त्यांनी धरलंच नाही. बी.एस्सी.चे थोडे क्रेडिट मिळाले, पण त्यात आठ महिने गेले. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव. ही एकच व्यक्ती असल्याचा पुरावा द्या, असं पत्र आलं. त्यात ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणांची अधिकृत प्रत, विद्यापीठाच्या सीलबंद लखोट्यातच हवी. माझ्या बाबांनी दुखऱ्या गुडघ्यांनी चार खेटे घातले. चलन भरा, साहेब रजेवर आहेत, सोमवारी या. बाबा आता नाहीत आणि त्या खिडकीवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

क्लिनिकलला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या प्रत्यक्ष कामाला, जाण्याआधी टीबीची तपासणी लागते. आपल्या दंडावर बीसीजी लसीचा व्रण असतो, त्यामुळे कातडीत टोचून करतात ती चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. माझा हात सुजला, नर्सने पट्टीने मिलिमीटर मोजले आणि मला एक्स-रेला पाठवलं. तू पहिल्यापासून रक्ताची चाचणी माग, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

काम मात्र मनापासून आवडतं. पहिल्यांदा एबीजीसाठी, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन वगैरे मोजण्यासाठी, मनगटाच्या धमनीत सुई घातली तो दिवस लख्ख आठवतो. शीर डोळ्यांना दिसते. धमनी दिसत नाही, दोन बोटांखालच्या ठोक्यावर विसंबायचं. लागली की दट्ट्या न ओढता रक्त आपसूक सिरिंजमध्ये चढतं. तिथे माझी लॅबमधली वर्षं कामी आली, ती कुठल्या कागदावर आली नाहीत तरी.

एक नीट समजून घे. एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या बायकोच्या व्हिसावर, शिकता येतं, पण नवऱ्याचा ग्रीन कार्डासाठीचा आय-१४० अर्ज मंजूर होऊन तुझं ईएडी म्हणजे कामाचा परवाना आल्याशिवाय नोकरी करता येत नाही. माझ्या पुढच्या तुकडीतली एक मुलगी परीक्षा पास होऊन वर्षभर घरी बसली. आणि या डिग्रीवर स्वतःचा एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, होईल असं धरून चालू नकोस, त्याला निदान बॅचलरची डिग्री लागणारं काम हवं.

एकटेपणाचं विचारलंस. येतो, जातो. पहिला हिवाळा काढ.

खरं बोलायचंय ते मुलाबद्दल. शाळेच्या फॉर्मवर ‘घरी कोणती भाषा बोलता’ असा प्रश्न होता, मी मराठी लिहिलं. मग त्याची इंग्रजीची चाचणी घेतली. तो कोल्हापुरात इंग्रजी शाळेतच होता, वाचायचाही छान, पण इथले उच्चार ऐकून बावरला आणि गप्प बसला. वर्षभर विज्ञानाच्या तासाला त्याला उठवून इंग्रजी शिकवायला वेगळ्या खोलीत नेत. घरीही इंग्रजीच बोला, असं शिक्षिकेने सांगितलं. आम्ही ऐकलं. इथवर मी सगळ्यांना सांगते. पुढचं सांगत नाही. ते मला सोयीचं होतं. मला वर्गात तोंड उघडायची भीती वाटायची, म्हणून रात्री हाडांची आणि स्नायूंची नावं मी त्याच्यापुढे म्हणायची आणि तो उच्चार दुरुस्त करायचा. त्याला मराठी गोष्ट सांगायची ती वेळ होती. माझी डिग्री २०१९ ला झाली. आता तो सतरा वर्षांचा आहे. कोल्हापूरहून फोन आला की “हो आजी, बरं आजी” म्हणतो आणि फोन माझ्या हातात देतो. आई विचारते, दमलाय का गं तो? मी हो म्हणते.

डिग्री केली नसती तर बरं झालं असतं का? दर पगाराला नाही म्हणते, दर फोनला थांबते.

तू फॉर्मवर मराठीच लिही, खोटं लिहू नकोस. चाचणीच्या आदल्या दिवशी मुलीला सांग, कळलं नाही तरी विचारायचं, गप्प बसायचं नाही. वेगळ्या वर्गाचं पत्र आलं तर पालकांना नकार देता येतो, मला हे ठाऊक नव्हतं. नकार द्यायचा की नाही ते तिथे तिच्याकडे बघून ठरव. आणि ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठात याच आठवड्यात स्वतः जा. ते काम वडिलांवर टाकून विमानात बसू नकोस.