ए-एक्स-ई-एस म्हणजे अक्ष की कुऱ्हाडी?

आलेखाच्या पाठात 'अक्ष' आणि गोष्टीत 'कुऱ्हाडी', दोन्हीकडे स्पेलिंग एकच कसं, असं विचारलंय. दोन्ही बरोबर आहे. ॲक्स म्हणजे कुऱ्हाड, ॲक्सिस म्हणजे अक्ष; अनेकवचन लिहिताना मात्र दोन्ही एकसारखे दिसतात. फरक उच्चारात आहे. कुऱ्हाडींचा शेवट आखूड, 'ॲक्सिझ'. अक्षांचा लांब, 'ॲक्सीझ', जसं क्रायसिसचं क्रायसीझ.

मी ठाण्यात नववीच्या मुलांना शिकवतो. इंग्रजी माध्यमातली मुलंसुद्धा आलेख काढताना सर्रास आखूड उच्चार करतात आणि त्यांना कुणी टोकत नाही. टोकायलाच हवं, कारण मग एकवचनही बिघडतं: वहीत 'एक्स-ॲक्सिस'च्या जागी 'एक्स-ॲक्स' येतं!

वाचताना आजूबाजूचे शब्द बघा. 'द टू ॲक्सीझ मीट ॲट द ओरिजिन' यात आरंभबिंदू आलाय, म्हणजे अक्षच. 'दे टूक देअर ॲक्सिझ अप टू येऊर' म्हटलं की (येऊर म्हणजे ठाण्याजवळचे जंगलाचे डोंगर) लाकूडतोड डोळ्यांपुढे येते.

बेस आणि बेसिसचंही तेच: लष्करी तळ असतील तर 'बेसिझ', युक्तिवादाचे आधार असतील तर 'बेसीझ'.